सिहोरची पाठशाळा आणि मुलांचे भास्कराचार्य

भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागले की सुमारे ३७ किलोमीटरवर सिहोर येते. आज ते माळव्यातील इतर जिल्ह्यांच्या गावांसारखेच एक गाव आहे. इ.स. १८१८ नंतर येथे इंग्रजांची छावणी पडली आणि भोपाळ संस्थानावर देखरेख करणारा पोलिटिकल एजंट येथे राहू लागला. माळव्यातील आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांचे या छावणीशी कधी ना कधी काम पडले असेल. परंतु मराठीत कोपर्निकसच्या मताची मांडणी करणारा एक अगदी आरंभीचा ग्रंथ याच गावातून निघाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रंथाचे नाव ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’, कर्ते सुबाजी बापू, वर्ष १८३६. आणि विशेष असे की, कोपर्निकसकडे जाण्याचा या ग्रंथाचा रस्ता थेट युरोपातून येत नाही, तो भास्कराचार्यांच्या अंगणातून जातो.

मुलांना एखाद्या प्राचीन ज्योतिर्विदाचे चरित्र आणि कार्य सांगावयाचे झाले की, आपल्या मंडळांतून हटकून भास्कराचार्यांचे नाव निघते. ते योग्यच आहे. पण ते कसे सांगावयाचे, या प्रश्नाचा जेवढा विचार सिहोरात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला, तेवढा आज होतो असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

लॅन्सेलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी. १८३० च्या दशकात तो भोपाळचा पोलिटिकल एजंट म्हणून सिहोरास होता. त्याला संस्कृत येत होते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला पंडितांच्या संगतीत बसण्याची आवड होती. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. एतद्देशीयांच्या शिक्षणात सिद्धान्तग्रंथांचा उपयोग कसा करता येईल, हा त्या लेखाचा विषय. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या देशातील सामान्य माणूस पुराणातील सपाट पृथ्वी, मध्यभागी मेरू आणि भोवती क्षीर, दधी, घृत यांचे समुद्र असे चित्र मनात बाळगून असतो. त्याला युरोपातील ज्योतिष एकदम सांगितले तर तो ते परक्याचे मत म्हणून बाजूस सारील. परंतु पृथ्वी गोल आहे, निराधार आहे, ग्रहण छायेने होते, या गोष्टी त्याच्याच पूर्वजांनी सिद्धान्तग्रंथांत युक्तिवादाने सिद्ध करून ठेवल्या आहेत. तेव्हा आधी भास्कराचार्य शिकवावे, आणि मुलगा त्या पायरीवर उभा राहिला की मग भास्कराचार्यांचे जे चुकले ते कोपर्निकस आणि न्यूटन यांच्या आधारे दाखवावे.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८३५ मध्ये, मेकॉलेने आपले ते प्रसिद्ध टिपण लिहिले आणि त्यात याच समुद्रांची व येथील ज्योतिषाची थट्टा केली. ज्या भूगोलाला तो हसला त्याच्यातील मुख्य कल्पनेवर, म्हणजे सपाट पृथ्वीवर, बाराव्या शतकातच येथील एका आचार्याने प्रश्नांची सरबत्ती केली होती, याचा त्या टिपणात मागमूस नाही. विल्किन्सनला ते ठाऊक होते. मात्र तोही कंपनी सरकारचाच अधिकारी होता आणि शेवटची पायरी युरोपची असणार हे त्याने आधीच ठरविले होते, हेही विसरून चालणार नाही.

आता त्या अंगणात थोडे रेंगाळावयास हवे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ ११८३ चा, म्हणजे उतारवयातला. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड हे आपले गाव, असे ते स्वतःच सांगतात. ते आजचे कोणते, याविषयी विजापूरपासून चाळीसगावजवळच्या पाटणपर्यंत अनेक पक्ष आहेत. उज्जयिनीच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते, असे शालेय पुस्तकांतून छापले जाते, परंतु त्याला भक्कम आधार दाखविता येत नाही. माळव्याशी त्यांचा संबंध आहे तो दुसऱ्या वाटेने. पाटणच्या शिलालेखात त्यांची वंशावळ दिली आहे. तीत त्यांचे पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचे म्हटले आहे. धारचे नाव घेऊन अभिमान बाळगावयाचा असेल तर तो येथे बाळगावा.

हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला आणि इ.स. १२०७ मध्ये त्या मठास निकुंभ वंशातील सामंताकडून दान मिळाले, असा त्यातील मजकूर. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील येतो तो जुन्या मराठीत: बाजारात येणाऱ्या मालावरील हिस्सा, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, अशा स्वरूपाचा. ते तेल कदाचित मठातील दिव्यासाठीच असेल. गोलाध्याय शिकविणाऱ्या शाळेचा खर्च गावच्या तेल्याने आणि व्यापाऱ्याने उचलावा आणि त्याची नोंद त्यांना कळेल अशा भाषेत दगडावर कोरावी, हा इतिहास मुलांना राजांच्या वंशावळीपेक्षा अधिक जवळचा वाटेल.

गोलाध्यायात भास्कराचार्य शिकवितात कसे, ते पाहण्यासारखे आहे. आरंभीच ते म्हणतात की, गोलाचे ज्ञान नसलेला गणिती म्हणजे तुपाविना पक्वान्न, राजाविना राज्य किंवा चांगल्या वक्त्याविना सभा. मग प्रश्न सुरू होतात. पृथ्वीला कोणी तरी धरून ठेवले आहे असे मानले, तर त्या धारण करणाऱ्याला कोणी धरले? त्याला धरणाऱ्याला कोणी? या साखळीच्या शेवटी कोणी तरी स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावेच लागते, मग ते पृथ्वीविषयीच का मानू नये? पृथ्वी निराधार आहे म्हणून ती अखंड खाली पडत आहे, असा बौद्धांचा पक्ष ते मांडतात आणि विचारतात की, जिच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच आहे ती पडणार कुठे? जड वस्तूला पृथ्वी आपल्या शक्तीने स्वतःकडे ओढते आणि ती वस्तू आपल्याला पडल्यासारखी दिसते. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर उंचावरून फिरणारा सूर्य आपल्याला सदासर्वदा का दिसू नये? मेरूच्या आड गेल्यामुळे रात्र होत असेल तर मध्ये उभा असलेला तो सोन्याचा डोंगर तरी दिसावयास नको काय? आणि गोल आहे तर सपाट का दिसते, असे मुलाने विचारले तर त्याचेही उत्तर तयार आहे. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस इवलासा, म्हणून त्याच्या नजरेला जेवढा तुकडा येतो तेवढा सपाट.

यात कुठेही ‘मी सांगतो म्हणून माना’ असा सूर नाही. लल्लासारख्या पूर्वाचार्याची चूकसुद्धा ते अशीच दाखवितात. गोलाचे पृष्ठफळ लल्लाने चुकीच्या रीतीने काढले होते. भास्कराचार्य चेंडूवर घातलेल्या जाळीची आठवण करून देतात. ती जाळी म्हणजे पृष्ठफळ, आणि ते परिघाला व्यासाने गुणून येते. पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ योजने व वर एक चोविसांश, म्हणून पृष्ठफळ ७८,५३,०३४ योजने. हा गुणाकार पाचवी-सहावीचा मुलगा करून पाहू शकतो.

गणिताच्या वाटेने याहून उंच शिखरेही त्यांच्या ग्रंथात आहेत. ग्रहाची एका दिवसाची सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची ‘तात्कालिक’ गती वेगळी, हा भेद करून त्यांनी ज्येच्या सूक्ष्म बदलाचे जे गणित केले आहे, त्यात पुढच्या काळातील चलनकलनाचे बीज आहे. पण ते मुलांच्या शाळेतले नव्हे.

सिहोरात विल्किन्सनभोवती जे पंडित जमले त्यांत सुबाजी बापू अग्रणी. विल्किन्सनच्या लेखात उल्लेख आहे की, सिद्धान्ताची आणि नव्या ज्योतिषाची सांगड उमगल्यावर, आजवरचे आयुष्य पुराणांतील भूगोल सावरण्यात गेले याचा सुबाजींना खेद झाला. त्यांनी मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून पुराण, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना मांडली. ओंकार भट्ट यांनी त्याच धर्तीवर हिंदीत ‘भूगोलसार’ लिहिला, तो १८४१ मध्ये आग्र्यास छापला गेला.

पुण्यात या प्रकाराची प्रतिक्रिया उमटली. यज्ञेश्वर उर्फ बाबा जोशी रोडे हे तेथील नामांकित ज्योतिषी. त्यांनी १८३७ च्या सुमारास ‘अविरोधप्रकाश’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचून पुराणे आणि सिद्धान्त यांत वस्तुतः विरोधच नाही, असे प्रतिपादन केले. त्याला सिहोरकडून ‘अविरोधप्रकाशविवेक’ असे उत्तर गेले. रोड्यांना हटवादी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. सिद्धान्त आणि पुराण यांचा मेळ घालण्याची परंपरा त्यांच्या आधी तीन शतके चालत आली होती. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या ज्ञानराजाने इ.स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला तो याच खटपटीतून. खुद्द भास्कराचार्यांनीही दुधादह्याच्या समुद्रांना पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात जागा करून दिली आहे. ग्रहणाच्या वेळी राहू ब्रह्मदेवाच्या वराने छायेत शिरतो, असे म्हणून त्यांनी स्मृतिपुराणांचा मान राखला आहे. रोड्यांपुढचा पेच निराळा होता. सिद्धान्ताला पायरी करून वर चढणारा माणूस ती पायरी पुढे ठेवील का, याची त्यांना शंका असावी. ती अगदीच निराधार नव्हती, कारण पुढच्या पन्नास वर्षांत शाळांतून गोलाध्याय गेला आणि केवळ युरोपीय ज्योतिष उरले.

सुबाजी बापूंचेही चित्र एकरंगी नाही. जन्मावरून जाती ठरविण्याचे खंडन करणारा, अश्वघोषाच्या नावावर असलेला ‘वज्रसूची’ हा बौद्ध ग्रंथ विल्किन्सनला छापावयाचा होता. तो काम करू लागला तेव्हा सुबाजी अस्वस्थ झाले आणि त्यांनी त्याचे खंडन करणारा ‘टंक’ लिहिला. दोन्ही १८३९ मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ज्याने मराठीतून सांगितले, त्यानेच जन्मसिद्ध वर्णव्यवस्थेसाठी लेखणी उपसली. मुलांना थोरांची चरित्रे सांगताना आपण हा भाग गाळतो. थोड्या मोठ्या मुलांना तो सांगावा, असे माझे मत आहे. नवे मत एका खोलीत शिरले म्हणजे घरभर उजेड पडतो असे नसते.

या पाठशाळेचा सर्वांत तेजस्वी विद्यार्थी मात्र मराठी घरातलाच. नृसिंह सीताराम, पुढे बापूदेव शास्त्री म्हणून प्रसिद्ध झालेले, १८२१ साली जन्मले. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातील गोदाकाठचे, पण शिक्षण नागपुरास झाले. तेथे ढुंढिराज मिश्र यांच्यापाशी त्यांनी लीलावती आणि बीजगणित केले. १८३८ मध्ये विल्किन्सनच्या नजरेस हा मुलगा पडला आणि तो त्यास सिहोरला घेऊन आला. तेथे सेवाराम यांच्यापाशी सिद्धान्त आणि विल्किन्सनपाशी युरोपीय भूमिती, असा दुहेरी अभ्यास झाला. १८४१ मध्ये विल्किन्सन वारला. पुढच्याच वर्षी बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात रेखागणित शिकवू लागले आणि आयुष्यभर काशीतच राहिले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर अपुऱ्या संस्कारांनिशी राहिले होते. बापूदेवांनी ते तपासून दुरुस्त केले आणि स्वतः केलेल्या सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतरासह १८६१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले.

त्याआधी १८५८ मध्ये बापूदेवांनी भास्कराचार्यांना चलनकलनाचे तत्त्व ज्ञात होते, असे प्रतिपादन करणारा एक लेख लिहिला होता. १८६० मध्ये स्पॉटिसवूड या इंग्रज गणितज्ञाने त्याला उत्तर दिले. रीतीतील साम्य त्याने मान्य केले, पण अनंतसूक्ष्म राशींची स्पष्ट कल्पना तेथे नाही अशी हरकत घेतली. या वादात कोण किती बरोबर हे गणितज्ञांनी ठरवावे. मला त्यातील रीत महत्त्वाची वाटते. बापूदेवांनी श्लोक पुढे ठेवला, गणित करून दाखविले आणि मग दावा केला.

आज आपल्याकडे दावा आधी येतो आणि श्लोक बहुधा येतच नाही. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या ५०० वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, हे वाक्य स्नेहसंमेलनांतील भाषणांत आणि आता मुलांच्या हातातील मोबाइलवरही आपण वाचतो. पृथ्वी वस्तूला ओढते, हे भास्कराचार्यांनी म्हटले आहे यात शंका नाही. या अर्थाचे विधान त्यांच्या पाच शतके आधी ब्रह्मगुप्तानेही केले होते. न्यूटनने १६८७ मध्ये जे केले ते निराळे. झाडावरचे फळ आणि आकाशातील चंद्र यांना एकच नियम लागू आहे, ती ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि तेवढ्यावरून ग्रहांच्या कक्षा काढता येतात, हे त्याने गणिताने दाखविले. भास्कराचार्यांच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हणणारा आर्यभट इ.स. ४९९ मधला. त्याचे ते मत आपल्याच परंपरेतील बहुतेक आचार्यांनी नाकारले आणि भास्कराचार्य त्यांच्याच बाजूचे. हे मुलाला सांगितल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. न सांगितल्यास मात्र दहावीत गेल्यावर तो मुलगा स्वतःच न्यूटन वाचील आणि आपल्या सर्वच गोष्टींवरचा त्याचा विश्वास उडेल. आपली मुले हिंदी, गुजराती, कन्नड वा इंग्रजी शाळांत शिकतात. मराठी परंपरेविषयी जे त्यांना कळते ते आपल्या घरातून आणि मंडळातूनच, आणि तेथे एकदा खोटे आढळले तर ते दुसरीकडे खरे शोधावयास जाणार नाहीत.

लीलावतीची कथाही अशीच. घटिकापात्रात मोती पडला, विवाहाचा मुहूर्त टळला आणि पित्याने कन्येच्या सांत्वनासाठी ग्रंथ रचला, ही हृद्य कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. तेथे कुठे ‘बाले’ तर कुठे ‘सखे’ अशी संबोधने आहेत एवढेच. कथा जरूर सांगावी, पण कथा म्हणून. आणखी एक गोंधळ टाळावा. सातव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिणारे आणखी एक भास्कराचार्य होऊन गेले. मुलांच्या हस्तलिखितांत दोघांची चरित्रे बेमालूम मिसळलेली मी पाहिली आहेत.

मग सांगावे काय? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९२ मध्ये सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि १८९६ मध्ये भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास दिला. त्यांचा कल सतत वाचकाला अंगणात नेऊन आकाशाकडे बघावयास लावण्याकडे आहे. भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायाचाही कल असाच आहे. गोल, चक्र, चाप, फलक अशी यंत्रे सांगून झाल्यावर ते ‘धीयंत्रा’कडे, म्हणजे बुद्धीच्या यंत्राकडे वळतात. हातात साधी काठी असली तरी बुद्धिमान माणूस तिच्या साहाय्याने समोरच्या वेळूची उंची आणि अंतर मोजू शकतो. यासाठी अनुदान लागत नाही.

पृथ्वीचा परिघ काढण्याची त्यांची रीतही काठीचीच आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावे घ्यावीत, दोन्हींचे अक्षांश वेधाने काढावेत, त्यांतील फरक आणि गावांमधील अंतर यांवरून त्रैराशिक मांडावे. अवंती निरक्षवृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, असे ते म्हणतात. म्हणजे अक्षांश साडेबावीस. आजच्या मोजणीने उज्जैन २३ अंशांच्या थोडे वर आहे. हा पाऊण अंशाचा फरकही मुलांना दाखवावा.

आता योगायोग पाहा. ग्वाल्हेर आणि हैदराबाद ही आपली दोन जुनी केंद्रे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोहोंत एक तृतीयांश अंशाचाही फरक नाही. मार्च किंवा सप्टेंबरातील विषुवदिनी भर मध्यान्ही बारा अंगुळांची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. हीच पंचांगातील पलभा. ग्वाल्हेरीस ती सुमारे ५.९ अंगुळे यावी, हैदराबादेस ३.८. इंदुरात ५, वडोदऱ्यास ४.९, बेळगावास ३.४ आणि पणजीस ३.३. सावलीवरून अक्षांश काढला की ग्वाल्हेर-हैदराबाद यांच्यात पावणेनऊ अंशांहून किंचित अधिक फरक मिळतो. अंतर नकाशावरून सरळ रेषेत घ्यावे, ते सुमारे ९८० किलोमीटर भरते. आगगाडीचे घेतल्यास वळणांमुळे पृथ्वी फुगेल. बाकीचे त्रैराशिक आहे आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या आसपास आले पाहिजे. एखाद्या मुलाच्या काठीची सावली अर्ध्या अंगुळाने चुकेल आणि त्याची पृथ्वी हजारो किलोमीटरांनी लहानमोठी होईल. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावयास सांगावे. एका दिवसाने पलभेत फारसा फरक पडत नाही.